वर्गमित्रांची खबरबात : केंब्रिज ते फिलाडेल्फिया, मे अखेरचा प्रवास

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या कॉलेजांत मे महिन्याचा दुसरा पंधरवडा दुहेरी गर्दीचा असतो. नव्या मुलांचे पदवीदान समारंभ आणि जुन्या बॅचेसचे मेळावे लागोपाठ येतात. मुलांकडे उन्हाळ्यात राहायला गेलेल्या मराठी मंडळींनी हा मोका साधावा. बॉस्टन ते फिलाडेल्फिया हा सुमारे ५०० किलोमीटरचा पट्टा बहुतेक रेल्वेनेच होतो. कोण कुठे नोकरीला लागलं, कोणाचं लग्न झालं, कोणाला नातू झाला, कोण गेलं, ही खबर साठ-सत्तर वर्षं टिकवायची कशी, हे इथे नीट पाहायला मिळतं. तिकडे बॅच ओळखतात ती पदवीच्या वर्षाने आणि प्रत्येक बॅचचा एक चिटणीस असतो. सगळी भिस्त त्या चिटणिसावर असते.

निघण्याआधी चारही कॉलेजांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. दरवर्षी दोन-चार दिवसांचा फरक पडतो. पुढचे वार साधारण नेहमीच्या क्रमाने दिले आहेत.

गुरुवार : केंब्रिज

बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून भुयारी रेल्वेची रेड लाइन घ्यायची. सहावं स्टेशन हार्वर्ड. कॉलेजची स्थापना १६३६ची, आणि पहिली बॅच बाहेर पडली १६४२मध्ये, अवघ्या नऊ जणांची. या नऊ जणांपासून सुरुवात करून एकेका पदवीधराचं चरित्र लिहायला घेतलं ते कॉलेजचे ग्रंथपाल जॉन लँग्डन सिब्ली यांनी. पहिला खंड १८७३मध्ये निघाला. त्यांच्यानंतर दुसऱ्यांनी ते काम विसाव्या शतकात पुढे नेलं.

कॉलेजचा दप्तरखाना प्युझी लायब्ररीत आहे. आवारात फिरता फिरता सहज डोकावू म्हटलं तर जमत नाही. आधी नाव नोंदवायचं, हवी ती खोकी ऑनलाइन मागवायची आणि वेळ ठरवायची. बरीच खोकी शहराबाहेरच्या साठ्यातून येतात, म्हणून किमान आठवडाभर आधी मागणी करावी. पासपोर्ट जवळ ठेवावा. आत पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. एकेका विद्यार्थ्याच्या कागदांवर ८० वर्षांचं बंधन आहे. आपल्या एखाद्या परिचिताची १९७०च्या दशकातली फाइल मागितली तर नकारच मिळेल. छापील जुने अहवाल मात्र मोकळे आहेत.

त्यातली पदवीधरांची जुनी लॅटिन यादी जरूर मागवावी. दर तीन वर्षांनी ती नव्याने छापली जाई, म्हणजे पदवीधर झालेल्या प्रत्येकाचं नाव पुन्हा जुळवलं जाई. जो वारला त्याच्या नावाला एक तारा लागे. अशांना लॅटिनमध्ये ‘स्टेलिगेरी’, म्हणजे तारा धारण करणारे, म्हणत. लागोपाठच्या दोन याद्या शेजारी ठेवून एकच बॅच पाहावी. तीन वर्षांत किती तारे वाढले ते बोटाने मोजता येतात. १८२९च्या बॅचची यादी यासाठी चांगली. याच बॅचचे डॉक्टर आणि कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी वर्गाच्या वार्षिक भेटींसाठी अनेक वर्षं कविता लिहिल्या, शेवटची १८८९मध्ये. तोवर पदवीला साठ वर्षं झाली होती.

आताचे वर्ग-अहवाल लाल पुठ्ठ्याचे असतात, म्हणून त्यांना ‘रेड बुक’ म्हणतात. दर पाच वर्षांनी एक निघतो. आधी ठरावीक रकाने असतात : पत्ता, व्यवसाय, जोडीदार, मुलं, मानसन्मान. त्याखाली ज्याने त्याने स्वतःविषयी लिहायचं. पंचविसाव्या वर्षाचा अहवाल सर्वांत जाड. लोक मनापासून लिहितात आणि म्हणून तो वाचनीय होतो, पण या पद्धतीत दोन खोट आहेत. पहिली, ज्याचं बरं चाललंय तो लिहितो आणि ज्याचा धंदा बुडाला किंवा घर मोडलं तो गप्प बसतो, त्यामुळे अख्खी बॅच सुखी दिसते. दुसरी, लिहून आलेलं कोणी तपासलं नाही तर जसंच्या तसं छापलं जातं. २०१२मध्ये १९६२च्या बॅचचा पन्नासाव्या वर्षाचा अहवाल आला. त्यात टपालातून बॉम्ब पाठवून माणसं मारणाऱ्या थिओडोर काझिन्स्कीचीही नोंद होती. व्यवसायाच्या रकान्यात ‘कैदी’ आणि सन्मानांच्या रकान्यात आठ जन्मठेपा. त्याने पाठवलं आणि ते छापलं गेलं. माजी विद्यार्थी संघटनेला नंतर खेद व्यक्त करावा लागला. बळी पडलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल याचा विचार केला की संपादकाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

वर्गमित्रांच्या आयुष्याची सर्वांत लांब चाललेली शास्त्रीय नोंदही इथलीच. १९३८मध्ये डॉ. आर्ली बॉक यांनी १९३९ ते १९४४ या बॅचेसमधली २६८ मुलं निवडली. पैसा दिला दुकानांच्या साखळीचे मालक डब्ल्यू. टी. ग्रँट यांनी. १९४०च्या बॅचचे जॉन केनेडीही त्यात होते. ही मुलं म्हातारी होईपर्यंत, आणि पुढे त्यांच्या मुलाबाळांपर्यंत, अभ्यास चालू राहिला. साधारण दर दोन वर्षांनी प्रश्नावली जायची. नोकरी, लग्न, तब्येत, दारू, सगळं विचारलं जायचं. अधूनमधून वैद्यकीय तपासणी आणि समोरासमोर मुलाखतही व्हायची. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, आणि हा अंदाज कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा सरस ठरला, असं नंतरचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात. मूळ निवडीत सगळे गोरे पुरुष होते हे विसरू नये. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा वेगळा अभ्यास पुढे याला जोडला, त्यामुळे निष्कर्षांना थोडी रुंदी आली.

शुक्रवार : कॉन्कर्ड

हार्वर्डच्या पुढचं स्टेशन पोर्टर. तिथून उपनगरी गाडीने कॉन्कर्डला पाऊण तासाच्या आत पोचतो. स्टेशनपासून वॉल्डन तळं अडीचेक किलोमीटर. चालत जाता येतं, फक्त वाटेतला मोठा रस्ता जपून ओलांडावा.

या प्रवासात कॉन्कर्ड कशाला? एका पत्रासाठी. या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला लेखक हेन्री डेव्हिड थोरो हार्वर्डच्या १८३७च्या बॅचचा. दहा वर्षं झाल्यावर वर्गचिटणिसाने सगळ्यांना प्रश्नावली पाठवली. थोरोने उत्तर दिलं ३० सप्टेंबर १८४७ला. तळ्याकाठची झोपडी सोडून तेव्हा त्याला जेमतेम तीन-साडेतीन आठवडे झाले होते. वर्गाबद्दल आपल्याला फारशी ओढ नाही, केंब्रिजमध्ये चार वर्षं काढली हेही जवळपास विसरलो, असं त्याने मोकळेपणाने कळवलं. लग्न झालेलं नाही. व्यवसाय म्हणाल तर शिक्षक, खासगी शिकवण्या, जमीनमोजणी, बागकाम, शेती, घरांना रंग देणं, सुतारकाम, गवंडीकाम, रोजंदारी, पेन्सिली बनवणं, काचकागद बनवणं, लेखन आणि कधीमधी किरकोळ काव्य. शेवटी वर्गमित्रांना कळवलं की मला मदतीची गरज समजू नका, उलट कोणाला पैशाची अडचण असेल तर मला सांगा, पैशाहून मोलाचा सल्ला देईन.

वर्गवृत्त जमवणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र वाचावं. व्यवसायाला एकच रकाना ठेवला की असा माणूस त्यात मावत नाही. ‘सध्या काय करता’ याखाली चार मोकळ्या ओळी ठेवल्या तर निवृत्तीनंतर शेतीकडे वळलेला इंजिनिअर आणि नोकरी सोडून आजारी सासूचं करणारी डॉक्टर, दोघांनाही खरं लिहिता येतं.

थोरोने केलेल्या जमीनमोजणीचे नकाशे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेत. स्लीपी हॉलो स्मशानभूमीतल्या त्याच्या थडग्यावर नुसतं ‘हेन्री’ एवढंच कोरलंय आणि येणारे तिथे पेन्सिली ठेवून जातात. संध्याकाळी बॉस्टनला परतून स्प्रिंगफील्डची बस धरायची, दोनेक तास लागतात. मुक्काम तिथेच.

शनिवार : साउथ हॅडली

स्प्रिंगफील्डपासून माउंट होलिओक कॉलेज वीसेक किलोमीटर. सुटीच्या दिवशी बसच्या भरवशावर राहू नये. टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवावी, कारण लॉरेल मिरवणूक सकाळची असते. मेरी लायन यांनी १८३७मध्ये काढलेलं हे मुलींचं कॉलेज. पदवीदानाच्या आदल्या दिवशी जुन्या बॅचेसच्या बायका पांढऱ्या पोशाखात आपापल्या वर्षाचा फलक धरून निघतात. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मुलीही पांढऱ्या कपड्यांत, लॉरेलच्या पानांची लांबच लांब माळ खांद्यावरून वाहत येतात. मेरी लायन यांची कबर आवारातच आहे. ती माळ कबरीच्या कुंपणाला गुंडाळतात. जागा हवी असेल तर मिरवणुकीच्या सुरुवातीला न थांबता कबरीच्या बाजूला आधीच जाऊन उभं राहावं.

फलकांवरच्या रंगांकडे लक्ष द्यावं. प्रत्येक बॅचला लाल, हिरवा, निळा, पिवळा या चारांपैकी एक रंग आणि त्याचं एक चिन्ह मिळतं. लालला पंखांचा घोडा, हिरव्याला ग्रिफिन (गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी), निळ्याला सिंह, पिवळ्याला स्फिंक्स. रंग चार वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे नातीच्या वयाच्या मुलीशी ऐंशीच्या बाईचा रंग जुळतो आणि बोलायला निमित्त मिळतं.

बायकांच्या बॅचची खबर ठेवताना सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. लग्नानंतर नाव बदललं, घटस्फोटानंतर पूर्वीचं घेतलं, दुसऱ्या लग्नानंतर तिसरं आलं. अमेरिकन वर्गवृत्तात म्हणून माहेरचं आडनाव मध्ये ठेवून दोन्ही छापतात. आपल्याकडे तर काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. यादीत तीन रकाने करावेत : कॉलेजच्या हजेरीपटावरचं नाव, आताचं कागदोपत्री नाव, आणि तिला स्वतःला छापून हवं असलेलं नाव. तिसरा रकाना तिलाच विचारून भरायचा. नवऱ्याला किंवा मैत्रिणीला विचारून नाही.

रविवार आणि सोमवार

येलचा पदवीदान समारंभ सोमवारी असतो. त्या रात्री न्यू हेवनमध्ये खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर भाडं दुप्पट-तिप्पट. हे दोन दिवस स्प्रिंगफील्डलाच विसावा घ्यावा.

मंगळवार : न्यू हेवन

स्प्रिंगफील्डहून हार्टफर्ड लाइनची गाडी दीडेक तासात न्यू हेवनला सोडते. येल १७०१चं. इथलं माजी विद्यार्थ्यांचं नियतकालिक १८९१पासून चालू आहे. पण पाहायची गोष्ट आहे स्टर्लिंग लायब्ररीच्या दप्तरखान्यात : पदवीधरांच्या निधनाची वार्षिक नोंदवही. १८६०च्या सुमारापासून १९५२पर्यंत ती निघत होती. आता तिची पानं संगणकावर चाळता येतात, पण छापील खंड हातात घेतला की नोंदीचा साचा पटकन ध्यानात येतो. जन्म कुठे व कधी, आईवडील, शिक्षण, एकामागून एक नोकऱ्या वर्षांसह, लग्न, मुलं, मृत्यूची तारीख आणि कारण, दफन कुठे. न्यायाधीश असो की गावचा शिक्षक, क्रम तोच. कौतुकाचे शब्द नाहीत, तरीही माणूस उभा राहतो. शोकसंदेशाच्या ठरावीक चार ओळींपेक्षा अशी नोंद कुटुंबाला कितीतरी जास्त देते.

मृत्यूच्या बातमीत चूक झाली तर ती कधीच भरून निघत नाही. चुका होतात त्या बहुतेक नावसाधर्म्याने, विशेषतः बापलेकांचं नाव एकच असेल तर. अमेरिकन याद्यांत ‘ज्युनिअर’ किंवा ‘तिसरा’ न चुकता लिहितात ते त्यासाठीच. घरच्यांपैकी एकाशी बोलणं आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता, दोन्ही जुळल्याशिवाय छापू नये. तिथली सामाजिक सुरक्षा खात्याची मृत्युयादी पूर्वी यासाठी सर्रास पाहत. आता मृत्यूनंतर तीन वर्षं ती नोंद सर्वांसाठी खुली नसते, म्हणून घरच्यांना फोन करण्याला पर्याय उरलेला नाही.

बुधवार : गाडी बदलण्याचा दिवस

इथे बरेच जण फसतात. न्यू हेवनहून मेट्रो-नॉर्थची स्वस्त गाडी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलला जाते, आणि प्रिन्स्टनची गाडी सुटते पेन स्टेशनवरून. मध्ये भुयारी शटलने टाइम्स स्क्वेअर आणि तिथून १, २ किंवा ३ क्रमांकाने ३४व्या रस्त्यापर्यंत एकच स्टेशन. जड सामान असेल तर थेट पेन स्टेशनला जाणारी अ‍ॅमट्रॅक बरी. पुढे न्यू जर्सी ट्रान्झिटचं तिकीट ‘प्रिन्स्टन’पर्यंतचं काढावं, ‘प्रिन्स्टन जंक्शन’पर्यंतचं नाही. जंक्शनपासून गावापर्यंतचा साडेचार किलोमीटरांहून थोडा कमी फाटा ‘डिंकी’ नावाची छोटी गाडी पाचेक मिनिटांत पार करते, आणि तिचं भाडं त्याच तिकिटात धरलेलं हवं. मुक्काम गावात मिळणार नाही, जंक्शनच्या अलीकडे-पलीकडे पाहावा.

गुरुवार, शुक्रवार : प्रिन्स्टन

मेळावा गुरुवारी सुरू होतो, पण खरी गर्दी शुक्रवारी संध्याकाळपासून. म्हणून हे दोन दिवस मड हस्तलिखित ग्रंथालयाला द्यावेत. विद्यापीठाचा दप्तरखाना तिथे आहे आणि बाहेरच्यांनाही नोंदणी करून बसता येतं. शनिवार-रविवार धरून चालू नये.

इथलं माजी विद्यार्थ्यांचं मासिक १९००पासून निघतंय. निरनिराळ्या दशकांतले पाच-सहा अंक मागवून फक्त वर्गवृत्ताची पानं उलटावीत. सर्वांत जुनी बॅच आधी, सर्वांत नवी शेवटी. कॉलेज सोडलेल्या वर्षी आपली बॅच अगदी मागे असते आणि दरवर्षी एकेक घर पुढे सरकते. एकाच बॅचचा स्तंभ विशी ते ऐंशीपर्यंत वाचला की मजकूर कसा बदलतो ते उमजतं. आधी नोकऱ्या आणि लग्नं, मग बारशी, मग एका मोठ्या पोकळीत बढत्याच बढत्या. पन्नाशीत आईवडिलांचं आजारपण डोकावतं. पासष्टीनंतर निवृत्ती, लहान घरात स्थलांतर, गुडघे, नातवंडं. पंचाहत्तरीनंतर स्तंभ आखूड होतो आणि श्रद्धांजलीची पानं वाढतात. चाळिशीतली पोकळी सगळ्यांत धोक्याची. लोक कामात असतात, उत्तरं येत नाहीत, पत्ते बदलतात. त्या वीस वर्षांत चिटणिसाने हात सोडला तर पुढे निम्मी बॅच सापडत नाही.

अशा मासिकांचे नियम कडक असतात आणि ते योग्यच आहेत. अनेक ठिकाणी साखरपुडा किंवा येऊ घातलेलं मूल छापत नाहीत. घडून गेलं की मगच. आजाराचं नाव त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय नाही. मजकूर छापून येईपर्यंत काही महिने जातात, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात’ असले शब्द काढून तारीख घालतात. अनुभवी चिटणीस सर्वांना सरसकट ‘काही बातमी असेल तर कळवा’ असं लिहीत नाहीत. त्याला उत्तर येत नाही. दर महिन्याला आठ-दहा जण निवडायचे आणि प्रत्येकाला नेमका एक प्रश्न विचारायचा : ‘तुझी मुलगी वैद्यकीयला होती, तिचं शिक्षण पूर्ण झालं का?’ याला उत्तर येतंच.

आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांना हे सहज लागू पडतं. गटावर बातमी येते, पन्नास अभिनंदनं येतात आणि दोन दिवसांत ती वर निघून जाते. फोन बदलला की तीही नाही. एकाने महिन्यातून एकदा बसून तारीख, नाव, घटना एवढ्या तीन रकान्यांत ती उतरवून घेतली, आणि त्या तक्त्याची प्रत दुसऱ्या कोणाकडे ठेवली, तर दहा वर्षांनी स्मरणिकेचं निम्मं काम झालेलं असतं.

शनिवार : पी-रेड

मंडपांत शिरायला मनगटपट्टी लागते आणि ती नोंदणी केलेल्यांनाच मिळते. पी-रेड ही मिरवणूक मात्र कोणालाही पाहता येते. दुपारी दोनच्या सुमारास ती सुरू होते. दुपारचं ऊन डोक्यावर असतं आणि मिरवणूक काही तास चालते. पाणी, टोपी आणि घडीची खुर्ची हवीच. नासाउ हॉलपाशी, म्हणजे १७५६च्या त्या दगडी इमारतीजवळ, फार चेंगराचेंगरी होते. उताराच्या रस्त्यावर मधोमध झाडाखाली जागा धरावी.

सर्वांत पुढे पंचविसावं वर्ष साजरं करणारी बॅच. तिच्या मागे ‘ओल्ड गार्ड’, पदवीला ६५हून जास्त वर्षं झालेले, बहुतेक गोल्फच्या गाड्यांत. आलेल्यांमधल्या सर्वांत जुन्या बॅचच्या पदवीधराच्या हातात १९२३च्या बॅचने दिलेली चांदीच्या मुठीची काठी असते. पुढे वर्षं उतरत येतात आणि शेवटी त्या वर्षीची मुलं. म्हणजे नव्वदीतल्या माणसापासून बाविशीतल्या मुलापर्यंत सगळी वयं ओळीने समोरून जातात. काठावर उभी असलेली तरुण मुलं ओल्ड गार्डला जी आरोळी देतात तिला ‘लोकोमोटिव्ह’ म्हणतात. वाफेच्या इंजिनासारखी ती सावकाश सुरू होते, वेग घेते आणि शेवटी त्या बॅचचं वर्ष तीनदा उच्चारलं जातं. कोट नीट पाहावेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं ‘बीअर जॅकेट’ असतं. ही चाल १९१२च्या बॅचपासूनची, बीअरच्या फेसाने चांगले कपडे खराब होऊ नयेत म्हणून पडलेली. पंचविसाव्या वर्षी बॅच स्वतःचा रंगीत ब्लेझर शिवून घेते आणि पुढे आयुष्यभर तोच घालते. पंचेचाळिशीत अंगाला बसलेला ब्लेझर ऐंशीत खांद्यावरून ओघळलेला दिसतो. काही ठिकाणी तो मुलीने किंवा नातवाने घातलेला असतो. बॅचच्या फलकामागे चालणाऱ्यांची संख्या दशकागणिक कशी घटते तेही इथे लपत नाही, आणि कोणी लपवतही नाही.

रविवार ते मंगळवार : फिलाडेल्फिया

प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेंटन, तिथे गाडी बदलून सेप्टा या उपनगरी रेल्वेने फिलाडेल्फिया. दोन्ही तिकिटं वेगळी. मे महिन्याचा शेवटचा सोमवार मेमोरियल डेच्या सुटीचा, त्या दिवशी दप्तरखाने बंद. म्हणून भेटीची वेळ मंगळवारची घ्यावी. ती घ्यायची ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या लेगसी सेंटरकडून. १८५०मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत. आनंदीबाई जोशी यांचं कॉलेज ते हेच.

आनंदीबाई अमेरिकेत पोचण्याआधी दोन वर्षं, १८८१मध्ये, डीन रेचल बॉडली यांनी हयात असलेल्या २४४ पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली पाठवली. १८९ उत्तरं आली. व्यवसाय करता का, कमाई किती, या प्रश्नांसोबत डॉक्टरकीचा संसारावर आणि आईपणावर काय परिणाम झाला हेही विचारलं होतं. पाऊणशे टक्क्यांहून जास्त उत्तरं टपालाने मिळवणं आजही सोपं नाही. बॉडलींनी ती मिळवली, कारण त्या स्वतः विचारत होत्या आणि विचारण्यामागे हेतू उघड होता : स्त्री-डॉक्टर पदवीनंतर घरी बसतात या आरोपाला उत्तर द्यायचं होतं.

१० ऑक्टोबर १८८५चं ते प्रसिद्ध छायाचित्रही याच संग्रहातलं. नऊवारीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या के ओकामी, सीरियन पोशाखात सबात इस्लांबुली. तिघी एकाच वर्षी डॉक्टर झाल्या असं बऱ्याच ठिकाणी छापतात, ते चूक आहे. आनंदीबाई १८८६च्या, ओकामी १८८९च्या, इस्लांबुली १८९०च्या. पुढची खबर अशी. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. ओकामी जपानला परतल्या, टोकियोच्या जिकेई रुग्णालयात काही काळ काम केलं आणि १९४१मध्ये वारल्या. इस्लांबुली दमास्कसला गेल्या, १९१९च्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत त्या कैरोत दिसतात आणि त्यानंतर कॉलेजचा त्यांच्याशी संपर्क तुटला. याच कॉलेजातून १८९२मध्ये गुरुबाई करमरकरही डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली. आनंदीबाईंच्या मानाने त्यांची आठवण फारच कमी निघते. मंगळवारच्या वेळेतला मोठा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

मागणीपत्र भरताना नाव, पदवीचं वर्ष आणि देश, तिन्ही लिहावं. आनंदीबाईंचं आडनाव तिथल्या कागदांत रोमन लिपीत शेवटी ‘आय’ नव्हे तर दोन ‘ई’ असं येतं. नेहमीच्या स्पेलिंगने शोधलं तर बरेच कागद हाती लागत नाहीत. गुरुबाईंसाठी नाव आणि आडनाव दोन्हींची स्पेलिंगं बदलून पाहावीत, आणि ‘१८९२चा वर्ग’ व ‘मुंबई’ या दोन खुणांनी वेगळा शोधही घ्यावा.